अभ्यास म्हणजे फक्त आजचा दिवस

आज गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

मन वाऱ्यासारखं, आवरतच नाही, ही अर्जुनाची तक्रार. भगवंत ती खोडत नाहीत. अवघड आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य सांगतात.

हा अभ्यास मी पुण्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये पाहिला. मावसभावाबरोबर गेलो होतो. मीटिंग ओपन होती म्हणून मला बसता आलं. क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. अकरा वर्षं न प्यायलेले काकाही म्हणाले, ‘फक्त आज नाही प्यायची.’ १९३५ साली अमेरिकेत दोन पिणारे एकमेकांशी बोलले, तिथून हे सुरू झालं.

नामस्मरण पुरेसं नाही का? मला नाही वाटत. वारकरीसुद्धा दिंडीतूनच चालतो ना!

एक मात्र सांगतो. रोज खूप पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं. मावशीला तिकडे न्यायचंय, पण ती अजून म्हणते, ‘आमच्याकडे तसं काही नाही रे.’