मांसासाठी की सवारीसाठी?

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्याही त्यात बुडाल्या. पाणी ओसरले की अशा गाड्यांचे दुसरे आयुष्य सुरू होते. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' ठरवते, मालकाला भरपाई देते आणि गाडीचा सांगाडा विकला जातो. तो घेणारे काही जण सुटे भाग काढून विकतात. त्यात वावगे काहीच नाही. काही जण मात्र गाडी धुऊन, आसनांचे कापड बदलून, सुगंध फवारून, पूर न पाहिलेल्या जिल्ह्यात नेऊन विकतात. इंजिन सुरू होते, दिवे लागतात. गालिच्याखालच्या वायरींना चढणारा गंज मात्र आपले काम करीत राहतो, आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल की नाही, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का पडतो. (तेथेही राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्यामुळे शिक्का नाहीसा करण्यासाठी गाडी दुसऱ्या राज्यात फिरवून आणणारे महाभाग आहेतच.) आपल्या आरसी बुकावर असा शिक्का नसतो. त्यामुळे गाडी बुडाली होती, हे सांगण्याचे काम कागद करीत नाही. ते विकणाऱ्याच्या जिभेवर येऊन पडते. आणि तेथेच प्रश्न उभा राहतो, जो अनेक जण जुमाच्या नमाजनंतर दबक्या आवाजात विचारतात: "मौलाना, मी खोटे बोललोच नाही. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. यात गुनाह कुठे आला?"

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आणि शरीअतचे उत्तर एक नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. दोष मुद्दाम झाकणे, ही फसवणूक. नुसते गप्प राहणे मात्र एरवी फसवणूक नव्हे. कायद्याने दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे. लिलावात एक माणूस घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही, असे कायदा म्हणतो. लगेच पुढचे उदाहरण येते: घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे बोलण्याचे बंधन नात्यातून येते, हे कायद्यालाही मान्य आहे. बाजारातील परक्याशी मात्र असे नाते त्याने धरलेले नाही.

इब्ने माजा यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय याच ठिकाणी बोट ठेवतो. मुस्लिम मुस्लिमाचा भाऊ आहे. दोष असलेली वस्तू तो दोष न सांगता भावाला विकणे त्याच्यासाठी वैध नाही. कायद्याने मुलीला जे दिले, ते प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गिऱ्हाइकाला दिले. गिऱ्हाईक अन्य धर्माचे असेल तर? हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या ज्या लोकांना मापातील खोटेपणाबद्दल बजावले, ते ईमान न आणलेले होते, आणि त्यांना ताकीद मिळाली ती 'लोकांच्या' मालाविषयी; त्यात धर्माची अट नाही.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या राशीचा प्रसंग वाचकांना परिचित आहे. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस पडला होता. यावर प्रेषितांनी (स.) त्याला पावसाबद्दल दोष दिला नाही, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच विचारले, आणि फसवणारा आपल्यापैकी नाही असे बजावले. पूरही असाच येतो. गाडी बुडाली यात मालकाचा अपराध नाही.

याहून नेमका प्रसंग इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये नोंदवला आहे. एका माणसाने 300 दिरहमांना सांडणी विकली. हजरत वासिला इब्ने असका (रजि.) तेथेच उभे होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. घेणारा निघून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले, तसे ते हाका मारीत त्याच्यामागे धावले आणि विचारले, सांडणी मांसासाठी घेतलीस की सवारीसाठी? सवारीसाठी, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाच्या तळव्याला छिद्र आहे, ती सलग चालू शकणार नाही. माणूस परतला, विक्रेत्याने 100 दिरहम कमी केले आणि वासिलांना म्हणाला की तुम्ही माझा सौदा बिघडवला. वासिलांनी (रजि.) उत्तर दिले की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची बैअत आम्ही प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे.

वासिलांचा प्रश्न आजच्या बाजाराला जसाच्या तसा लागू पडतो. तीच सांडणी मांसासाठी घेतली असती, तर त्या छिद्राने काही बिघडले नसते. बुडालेली गाडी भंगार म्हणून विकणे वेगळे आणि कुटुंबाला बसवून घाट उतरण्यासाठी विकणे वेगळे. दुसरे असे की वासिला ना विक्रेते होते, ना दलाल. तरीही ठाऊक असल्यामुळे बोलणे त्यांच्यावर आले. जो मिस्त्री सीटखालचा गाळ आपल्या हातांनी काढतो आणि जो एजंट दोन्हीकडून कमिशन घेतो, त्यांना 'माझा काय संबंध?' असे म्हणण्याची सोय येथे उरत नाही.

'जशी आहे तशी' असे करारात लिहून घेतले तर? हनफी फिकहमध्ये सर्व दोषांतून मुक्तीची अट घालून केलेला सौदा वैध ठरतो. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, आणि त्यांच्या प्रबळ मतानुसार अशी अट केवळ जनावरातील, विक्रेत्याला स्वतःलाच ठाऊक नसलेल्या छुप्या दोषापुरती चालते. गाडीला तिचा आधार नाही. सौदा टिकला म्हणून ठाऊक असलेला दोष लपवण्याचा गुनाह मात्र कोणत्याही मजहबमध्ये माफ होत नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. एखाद्याने साठवलेल्या पैशांतून गाडी घेतली, आणि चार महिन्यांनी मिस्त्रीने सांगितले की ही पुरातली आहे. आता खरे सांगून विकली तर दीड-दोन लाख बुडतात. गप्प राहिला तर पैसे सुटतात. फसवले कोणी, आणि भुर्दंड कोणाला! अशा माणसाला मिंबरवरून उपदेश करणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे सोपे नाही. पण त्याचे घेणे आहे ते मागच्या विक्रेत्याकडे, पुढच्या गिऱ्हाइकाकडे नव्हे. आणि येथे फिकहचा एक बारकावा त्याच्या कामाचा आहे. दोष कळल्यावर वस्तू परत करण्याचा हक्क, म्हणजे खियारे-ऐब, त्याला आहे. परंतु दोष कळूनही त्याने गाडी विक्रीस काढली, तर हनफी फुकहांच्या मते ती संमती मानली जाते आणि हक्क बुडतो. शाफई मतानुसार तर परतावा विनाविलंब मागावा लागतो. म्हणजे गुपचूप पुढे ढकलू पाहणारा आपलाच न्याय्य दावा गमावतो. त्याने गाडी वापरणे थांबवावे, मिस्त्रीकडून लेखी घ्यावे, विक्रेत्याला तत्काळ लेखी कळवावे. करार कायद्याच्या कलम 19 नुसार फसवणुकीने झालेला करार रद्द करता येतो, आणि ग्राहक आयोगाचे दारही दोन वर्षे उघडे असते.

घेणाऱ्यानेही डोळे मिटून घेऊ नये. नुसत्या मौनाने फसलेल्या, पण साध्या चौकशीने सत्य कळू शकले असते अशा माणसाला तेच कलम 19 करार रद्द करू देत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, पाण्याची रेघ तेथे राहते. सीटखालचे लोखंडी रूळ पाहावेत. विम्याच्या दाव्यांची माहिती मागावी. चासी क्रमांक कागदाशी ताडून घ्यावा. टोटल लॉस गाडीचे कागद आणि क्रमांक चोरीच्या गाडीला चढवण्याचे प्रकार घडतात, आणि चोरीची वस्तू कितीही प्रामाणिकपणे घेतली तरी ती मूळ मालकाचीच राहते, शरीअतमध्येही आणि कायद्यातही. विकणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत निर्धास्त होऊ नये. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते.

करारात एक ओळ वाढवायला खर्च येत नाही: गाडी अमुक वर्षी पुरात बुडाली होती, पाणी इतके चढले होते, अमुक भाग बदलले, हे सांगून किंमत ठरली आहे. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि साक्षीदार म्हणून त्या मिस्त्रीचीही.