गोष्टीला हुंकार लागतो

शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ रोजी. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत आटपतं. कुंडलच्या बाजूला पारावर हीच गोष्ट निघाली की रात्र पुरत नसे. सांगणारा रंगात येऊन भलत्यालाच रुळावर उभा करी आणि शेजारचा म्हातारा त्याला मधेच अडवी, ‘आरं, त्यो कुठला? त्यो तवा तुरुंगात हुता. त्येचा थोरला भाऊ हुता त्यो.’ गोष्ट थांबे, दुरुस्त होई, मग पुढं सरके.

माझ्या लेखी पाराचं मोल या अडवण्यात आहे. आजीसुद्धा ‘हूं म्हण, तरच सांगते’ असं बजावून गोष्ट सुरू करायची. ऐकणाऱ्याचा हुंकार आणि त्याची हरकत, या दोन्हींवर गोष्ट जगते. आज आपण म्हाताऱ्यांची बोलणी मोबाइलवर टिपून ठेवतो. ते करायलाच हवं. पण त्या चित्रफितीला ‘असं नव्हतं’ म्हणणारं समोर कुणी नसतं.

पाराचे गोडवे गाताना एक विसरून चालणार नाही. पार सगळ्या गावाचा कधीच नव्हता. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. त्या फकिराची आठवण पारानं नव्हे, मांगवाड्यानं जपली होती. बायकांना तर पारावर जागाच नव्हती. त्यांची बैठक पहाटे जात्यापाशी. दळताना जोडीदारीण ओवी उचलून धरी, तिच्यात आपलं दुःख घाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पानं महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे फार मोठं काम. मात्र पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, तशी नवी ओवी सुचण्याची ती वेळही गेली. कष्ट परत यावेत असं कोण म्हणेल?

पाराचं तसंच झालं. टीव्हीला सगळा दोष देणं सोपं आहे. पण शेतीची लाईट रात्रपाळीची असेल तर माणूस मोटर चालू करायला मळ्यात जातो, पारावर येत नाही. विटा-आटपाडीची तरुण पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. पाटण-जावळीची माथाडी कामाला मुंबईला गेली. गावात सगळे एकत्र दिसतात ते दूध डेअरीवर. तिथं फॅट लागली की किटली उचलून जो तो घरी.

म्हणून मला मोहित्यांचे वडगाव महत्त्वाचं वाटतं. कडेगाव तालुक्यातल्या या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. कोरोनाच्या काळात पोरांच्या हाती आलेला मोबाइल सुटेना, त्यांचा अभ्यास व्हावा, म्हणून काढलेली ही वाट. गावानं ठरवलं तर वेळ मोकळा होतो, हे तिथं सिद्ध झालं.

अशा वेळेतली आठवड्यातून एक संध्याकाळ गावोगावी गोष्टीला द्यावी. पोरांना मधेच अडवून विचारायची पूर्ण मुभा असावी. आणि बैठक नेहमी देवळापुढंच नको. एकदा तिथं, एकदा मागासवस्तीतल्या समाजमंदिरात, एकदा बायकांची, आणि त्या वेळी पुरुषांनी खाली बसून हुंकार द्यावा.