घेणार असाल तर

२७ फेब्रुवारी २०१८. कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. राज्यभर ग्रंथदिंड्या आणि भाषणं चाललेली, आणि त्याच दिवशी मुंबईच्या फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ने शटर कायमचं खाली ओढलं. दुकान इंग्रजी पुस्तकांचं, त्यामुळे योगायोगाला फार चिकटायला नको. पण गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवलीतल्या कितीतरी मराठी घरांच्या कपाटांत इंग्रजी पुस्तकं शिरली ती याच दारातून.

स्ट्रँडचे संस्थापक टी. एन. शानभाग विद्यार्थी असताना एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तकं चाळत होते. तिथे त्यांना अपमान सोसावा लागला, असं सांगतात. घ्यायची ऐपत नाही तर हात कशाला लावतोस, असा एकूण सूर. रागाच्या भरात माणसं बरंच काही ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. शानभाग विसरले नाहीत. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमाचे मालक केकी मोदी यांच्याकडून त्यांनी थिएटरातच थोडी जागा मिळवली आणि जेमतेम साडेचारशे रुपयांवर स्टॉल मांडला. पुढे दुकान फोर्टात आलं, नाव मात्र सिनेमाचंच राहिलं. (गिरगावातलं पुस्तकांचं दुकान ‘मॅजेस्टिक’ही सिनेमाच्याच नावाचं. मुंबईच्या वाचनाचा थिएटरांशी हा एक वेगळाच घरोबा.)

त्या काळातलं आपलं नेहमीचं पुस्तकांचं दुकान आठवा. मध्ये काउंटर, पलीकडे मालक, त्याच्या पाठीमागे छतापर्यंत पुस्तकं. “काय पाहिजे?” या प्रश्नाला उत्तर तयार ठेवूनच आत शिरायचं. नाव माहीत नसलेलं पुस्तक मागणार कसं? आणि पुढ्यात आलेलं पुस्तक दोन मिनिटांपेक्षा जास्त हातात राहिलं की मालकाची नजर बोलायला लागायची. स्ट्रँडमध्ये काउंटरची ती भिंतच नव्हती. जागा अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. टेबलांवर पुस्तकांच्या चळती, वर पोटमाळा. चळतीच्या तळातलं पुस्तक वरचा डोलारा न पाडता अलगद ओढून काढणारी तिथली जुनी माणसं म्हणजे चालतीबोलती सूची होती. आणि तासभर उभ्याउभ्या वाचून रिकाम्या हाताने निघालात, तरी कुणी हटकत नसे. नेहरूंपासून कलामांपर्यंतची नावं या दुकानाशी जोडली जातात, २००३ साली शानभागांना पद्मश्रीही मिळाली. मला मात्र या न हटकण्याचं मोल जास्त वाटतं.

दुसरी गोष्ट २० टक्क्यांची. कुणीही या, कधीही या, छापील किमतीवर २० टक्के सूट. हिशोब करून पाहा. १०० रुपयांचं पुस्तक दुकानदाराला साधारण ६० ते ६५ रुपयांना पडतं. ते ८० ला विकलं की हातात राहतात १५-२० रुपये, आणि त्यातूनच जागा, पगार, वीज आणि वर्षानुवर्षं न विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचा भार. हे जमायचं तर माल थेट आणि घाऊक उचलावा लागतो आणि भराभर विकावाही लागतो. शानभाग दोन्ही करत. सुंदराबाई हॉलमधलं स्ट्रँडचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे पिशव्या भरभरून पुस्तकं नेणाऱ्यांची जत्रा.

पुस्तक छापील किमतीला घ्यायचं नसतं, हे मुंबईच्या वाचकाला स्ट्रँडने शिकवलं. तोच धडा पुढे स्ट्रँडवर उलटला. २००७ मध्ये फ्लिपकार्ट पुस्तकं विकतच जन्माला आलं, २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात उतरलं. वीसच्या जागी तीस, चाळीस टक्के, शिवाय घरपोच. दरम्यान फोर्टातली कार्यालयं नरिमन पॉइंट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल अशी सरकत गेली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर आटोपून स्ट्रँडमध्ये डोकावणारा कारकून किंवा बँकवाला त्यांच्याबरोबरच गेला. २००९ मध्ये शानभाग गेले. आणि जे अजून येत होते, त्यांच्यातही नवी रीत रुजली: पुस्तक इथे चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन मागवायचं. म्हणजे मुभा स्ट्रँडची, गल्ला दुसऱ्याचा.

पण म्हणून ऑनलाइन दुकानांच्या नावाने बोटं मोडणं मला पटत नाही. वाशीमच्या किंवा संगमेश्वरच्या मुलीसाठी स्ट्रँड कधी नव्हतंच, तिच्या दारात पुस्तक पोचलं ते कुरिअरनेच. तिने कुठल्या फोर्टासाठी गळा काढायचा? फोर्टातलं दुःख फोर्टाचं. दुकान बंद होणार अशी बातमी फुटली तशी तिथे झुंबड उडाली, आठवणींचे लेख आले. हे प्रेम खोटं नव्हतं. फक्त भाडं आणि पगार लेखांतून निघत नाहीत.

जवळच, सोमय्या भवनात, २०११ पासून ‘किताबखाना’ आहे. २०२० च्या आगीतूनही सावरून ते पुन्हा उभं राहिलं. मराठीचं कपाट आहे, २० टक्के सूट आहे, बसून वाचायला जागाही आहे. म्हणजे असं दुकान आजही चालवता येतं, फक्त चालवणाऱ्याच्या पाठीशी बळ हवं. बळ नसलेल्याने काय करायचं? त्याचं उत्तर हल्ली पुष्कळ दुकानांत दिसतं. नवीन पुस्तक पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून येतं. धूळ बसू नये, कोपरे दुमडू नयेत, हे कारण खरंच आहे. पण मलपृष्ठावरच्या चार ओळींवरून पुस्तक कसं कळणार? परवा एका दुकानात माझ्या पुढच्या मुलाने विचारलं, “काका, हे जरा फोडून दाखवता का? आत काय आहे बघतो.”

“घेणार असाल तर फोडतो,” काका म्हणाले. त्यांचा राग आला नाही. मुलाने पुस्तक जागेवर ठेवलं आणि खिशातून मोबाइल काढला.