खालच्या अंगाला कोण राहते?

शाळेत कोणताही समारंभ असो, अलीकडे पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य हटकून येते. समोर बसलेल्या मुलांना ते सांगतात, ‘नद्या वाचविणे आता तुमच्या हाती आहे. उद्याचे पुढारी तुम्हीच.’ मुले टाळ्या वाजवितात. माझ्यासारख्या मास्तराला मात्र प्रश्न पडतो. ज्यांनी नदी नासवली नाही, त्यांच्या गळ्यात ती बांधून मोकळे होण्याचा अधिकार नासविणाऱ्यांना कोणी दिला? आणि मुलांवर हा भार टाकणे अन्यायाचे असेल, तर त्यांना पाण्याविषयी शिकवायचे तरी काय?

आमच्या कोल्हापूरची मुले पंचगंगेचा धडा तोंडपाठ म्हणतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती; प्रयाग चिखलीला संगम; पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेची भेट. उत्तर बिनचूक असते, गुणही पुरे मिळतात. परंतु शहराच्या पोटातून वाहणारा जयंती नाला त्या उत्तरात नसतो. हा नाला एके काळी जयंती नदी होता. नदीला नाला म्हणू लागलो तेव्हाच तिच्यात काहीही सोडायला आपण मोकळे झालो. भाषेच्या मास्तराने मुलांना निदान एवढे तरी सांगायला हवे.

पाण्याचे शिक्षण, माझ्या मते, दोन साध्या प्रश्नांत आहे. आपल्या घरी पाणी कोठून येते? आणि वापरलेले पाणी कोठे जाते? पहिल्याचे उत्तर सर्वांना येते. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास काळम्मावाडी धरणाचे पाणी 50 किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नळाने थेट शहरात आले, तेव्हा गावाला केवढा आनंद झाला! तो रास्तच होता. पण दूरचे स्वच्छ पाणी दारी आले, की जवळच्या नदीसाठी जीव तुटणे कमी होते, हाही माणसाचा स्वभाव आहे. दुसऱ्या प्रश्नाला वर्ग गप्प बसतो. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत, असे एकदा फळ्यावर काढून दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, मग आपल्या खालच्या अंगाला कोण राहतंय?’

माझ्या दृष्टीने साऱ्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे. खालच्या अंगाला इचलकरंजी आहे, शिरोळची गावे आहेत. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. नदीकाठचा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी वरच्या अंगाला राहतो. वरून येणाऱ्या पाण्याबद्दल तक्रार करायला शिकवावे लागत नाही. खाली जाणाऱ्या पाण्याची लाज वाटायला मात्र शिकवावे लागते. ज्याला ती वाटते, तो पुढारी होवो न होवो, शहाणा नागरिक नक्की होईल.

यावर कोणी म्हणेल, बारा वर्षांच्या पोराला हे कळून उपयोग काय? त्याला मत नाही, सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र त्याच्या हाती नाही. खरे आहे. म्हणूनच ते काम नगरपालिकांचे, कारखान्यांचे आणि मत देणाऱ्या आम्हां थोरांचे आहे. पण मुलांचा शब्द अगदीच फुकट जातो असेही नाही. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या विसर्जनाला घाटावर काहिली आणि कुंड मांडले जातात. घरचा गणपती नदीत न सोडता काहिलीत सोडा, निर्माल्य वेगळे द्या, हा हट्ट कित्येक घरांत आधी मुलांनी धरला. थोरांनी तो ऐकला म्हणून गोष्ट घडली. ऐकणारा नसता, तर मुलाचे शिक्षण निबंधाच्या वहीतच राहिले असते.

अशा वेळी शाहू छत्रपतींची आठवण होते. त्यांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याआधीच भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले होते. महाराज 1922 साली गेले; धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. आपल्या हयातीत हे पाणी शिवारात खेळेलच याची खात्री नसताना त्यांनी खर्च केला, कष्ट घेतले. मुलांना त्यांनी शाळा दिली आणि धरणाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. आम्ही नेमके उलटे करू पाहतो. नदीचा भार मुलांच्या खांद्यावर देतो आणि भाषण आपल्याकडे ठेवतो.

तेव्हा मुलांना पाणी जरूर शिकवावे. नाल्याकाठी न्यावे, रंकाळा दाखवावा, प्रश्न विचारू द्यावेत. मात्र शिकविणाऱ्याने एक तयारी ठेवावी. मुले खरोखरच शिकली, तर पहिला प्रश्न ती आपल्यालाच विचारणार आहेत. त्या वेळी ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ म्हणून त्यांना खाली बसवायचे असेल, तर हा धडा सुरूच न केलेला बरा.