सांगितलं तसं लिहिलं

एका पतसंस्थेत खोट्या नोंदी करून ठेवीदारांना फसवल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. त्या ठेवीदारांचे चेहरेही पाहिले असतील. मला सगळ्यात जास्त छळतोय तो तिथल्या हिशेबनिसाचा बचाव : ‘साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं.’ कामाचा ताण होता, सगळीकडे असंच चालतं, असंही तो म्हणाला म्हणे. ते सोडून देऊ.

सांगितलं तसं लिहिलं! त्यासाठी बीकॉम कशाला लागतं? चौथीतल्या पोरालाही शुद्धलेखन घातलं तर ते सांगितलं तसं लिहितं. हिशेबनिसाला पगार मिळतो तो प्रसंगी न लिहिण्याचा. व्हाउचर नाही, नोंद होणार नाही, असं ज्याला म्हणता येत नाही त्याला त्या खुर्चीवर बसवायचंच कशाला? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक आठवते ना? बांधकाम व्यवसायातल्या एकाच समूहाचं थकलेलं कर्ज झाकायला तिथे २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली होती. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला स्वतःच्या पैशातले सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. आता तो खोट्या खात्यांचा आकडा पुन्हा वाचा. सांगणारा एकदाच सांगतो. पण एकवीस हजारांची यादी कुणाच्या तरी हातून तयार होते. तो हात शंभराव्या नावाला थांबला नाही, हजाराव्याला थांबला नाही. मधे जेवणाची सुट्टी झाली असेल, घरून फोन आला असेल, आणि परत येऊन पुढची ओळ भरली गेली असेल. याला आज्ञापालन म्हणायचं?

पतसंस्थेत तर फसणाऱ्याला आधारच नसतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. ठेवीदार दारात शिरताना एक पाटी बघतो, ‘ऑडिट वर्ग अ’, आणि मुलीच्या लग्नाचे पैसे काउंटरवर ठेवतो. त्या ‘अ’च्या मागे कुणाकुणाच्या सह्या आहेत हे त्याला ठाऊक नसतं. त्या सह्या वाचून केल्या की न वाचता, एवढ्यावर त्याचं म्हातारपण अवलंबून असतं.

हे सगळं डोक्यात असतानाच अंकुशनगरच्या एका ओळखीच्या घरात वाद ऐकला. मुलगी कॉमर्सला जायचं म्हणतेय, मेजर अकाउंटन्सी, आणि कॉलेज अहिल्यानगरचं अहमदनगर कॉलेज. आईचं म्हणणं, ‘हिशेबच शिकायचा तर मिशनच्या कॉलेजात कशाला? ते तर जालन्यातही शिकवतात.’

वहिनी, शिकवतात. डेबिट-क्रेडिट सगळीकडे एकच. पण दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा छापून जगापुढे ठेवली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करा, असं तो व्यापाऱ्यांना सांगतो. आपण दिवाळीत वहीवर ‘श्री’ लिहितो ते याच बुद्धीने. खाली लिहिलेलं कुणीतरी वाचतंय, ही जाणीव त्यामागे आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली उभारलेल्या कॉलेजाकडून माझी अपेक्षा एवढीच, की ही जाणीव प्रार्थनेपुरती न राहता अकाउंट्सच्या वर्गातही यावी.

त्यासाठी साहित्य त्यांच्या हाताशीच आहे. लूकच्या शुभवर्तमानातला अन्यायी कारभारी घ्या. नोकरी जाणार हे कळल्यावर तो मालकाच्या कर्जदारांना बोलावतो. शंभर माप तेल देणं असणाऱ्याला पन्नास लिहायला लावतो, शंभर माप गव्हाच्या जागी ऐंशी. प्रवचनं सगळी त्या कारभाऱ्यावर होतात. मला मात्र तो कर्जदार दिसत राहतो. तो मुकाट्याने बसला आणि स्वतःच्या हाताने पन्नास लिहून मोकळा झाला. त्याला पुढे कुणीच काही विचारत नाही. अकाउंट्सच्या वर्गात त्याला विचारा. एक तास द्या त्याला.

आणि दुसरा तास व्हाइटनरला. मी हे पूर्वीही लिहिलंय, पुन्हा लिहितो : हिशेबाच्या टेबलावर व्हाइटनर असू नये. आकडा चुकला तर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करा. आणि ‘किरकोळ खर्च’ हे खातं मोठं होत चाललं की ताळेबंद तिथेच थांबवा. मोठ्या चोऱ्यांचा सराव तिथेच होतो.

अंकुशनगरसारख्या उसाच्या गावात हे समजावून सांगावं लागू नये. हंगामात उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. आधी भरलेलं वजन, मग रिकामं. वजाबाकीची पावती शेतकरी चार घड्या करून शर्टाच्या आतल्या खिशात घालतो. काट्यावरच्या माणसाचं नावही अनेकांना ठाऊक नसतं. तरी वर्षभराचा घाम त्याच्या एका आकड्यावर सोडून ते घरी जातात.

मुलीने मला मुद्द्याचं विचारलं, ‘काका, नाही म्हटलं आणि नोकरी गेली तर?’ जाऊ शकते. घरात तो एकच पगार येत असेल तर मी तिला कोणत्या तोंडाने शूरपणा शिकवू? एवढंच सांगितलं, की लेखी मागून घे. तोंडी हुकूम देणारे साहेब पुष्कळ भेटतील. तेच सहीनिशी लिहून द्या म्हटलं की बहुतेकांचा आवाज खाली येतो.