वाढणारा हात मागे घेताना

पाहुणे आठ वाजता यायचे आहेत. स्वयंपाकघरातली धावपळ सुरू होण्याआधी थोडा वेळ बसा. पाटावर, खुर्चीत, ओसरीच्या पायरीवर, जिथं निवांत वाटेल तिथं. खांदे सैल सोडा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आजचा बेत साधा आहे. अख्खे भाजलेले आलू, आणि त्यांच्यावर घ्यायला ओळीनं मांडलेल्या वाट्या. ज्यानं त्यानं आपला आलू आपण फोडायचा, आपल्याला रुचेल ते आपल्या हातानं वर घ्यायचं. यजमानानं सगळी तयारी मनापासून करायची आणि शेवटचा घास ज्याचा त्याच्यावर सोपवायचा. या सोपवण्याचाच आपण सावकाश विचार करू.

आधी येणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका, एकेक चेहरा येऊ द्या. काकाजींना साखरेचा आजार आहे. आत्याबाईंची आज एकादशी. आजींचे दात गेलेत. शेजारच्या जैन कुटुंबाला कंदमूळ चालत नाही. भाच्याला तिखट लागतं, त्याच्या धाकट्या बहिणीला तिखटाचा वासही नको. प्रत्येकाजवळ क्षणभर थांबा आणि मनात विचारा: या माणसाला माझ्या घरी जेवताना सुख कशात वाटेल? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. एवढं मात्र लक्षात येईल की ही उत्तरं निरनिराळी आहेत, आणि ती सगळी एका कढईत मावणारी नाहीत.

आता उठा आणि आलू निवडायला घ्या.

आपल्या खामगावच्या बाजारात इंदूरकडचा आलू येतो. त्यातले मुठीएवढे, साधारण दोनशे ग्रॅमचे, एकसारख्या आकाराचे वेगळे काढा, म्हणजे सगळे एकाच वेळी भाजून होतील. हिरवट झालेला किंवा मोड आलेला बाजूला टाका, त्यात विषारी अंश असतो. नवा, पातळ सालीचा आलू रस्स्याला चांगला. भाजण्यासाठी जुना, जाड सालीचा, पिठूळ घ्या. एक आलू तळहातावर ठेवून त्याचं वजन जाणवू द्या. त्यात पाऊण भागाहून जास्त नुसतं पाणी आहे. उरलेल्या भागात बहुतेक पिष्ट आहे, बारीक कणांच्या रूपात साठवलेलं. साठ-सत्तर अंशांच्या पुढं ऊब गेली की हे कण आतलंच पाणी शोषून फुगतात. पिठूळ आलूत पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि गर भुसभुशीत होतो. बाहेरून काही घालावं लागत नाही. पुरेशी ऊब आणि पुरेसा वेळ मिळाला की आलू आतल्या आत शिजतो.

नळाखाली धरून हातानं चोळा. साल काढायची नाही, म्हणून माती नीट जाऊ द्या. खळग्यांत अंगठा फिरवा. पुसून कोरडा करा, काट्यानं पाच-सहा ठिकाणी टोचा म्हणजे वाफेला वाट मिळेल. थोडं फल्लीचं तेल आणि जाडं मीठ सालीला चोळा. चांदीच्या कागदात गुंडाळू नका. त्यानं वाफ कोंडते आणि साल ओली, चिवट राहते. ओव्हन असेल तर दोनशे अंशांवर तासभर.

आणि अंगण असेल, तर गोवऱ्या पेटवा.

गोवऱ्यांच्या आरावर भाजणं या भागाला शिकवायला नको. शेतात किंवा देवळाजवळ रोडग्यांचा कार्यक्रम ज्यानं पाहिला आहे, त्याला हा आर ओळखीचा आहे. जाळ पूर्ण बसू द्यायचा. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की त्यात रोडगे लावायचे, आणि भाजल्यावर फडक्यात झटकून राख काढायची. मग पानावर रोडगा कुस्करायचा, वर वरण आणि तूप घ्यायचं, बाजूला वांग्याची भाजी. आता त्या पंगतीतल्या हातांकडे लक्ष न्या. कोणी रोडगा अगदी बारीक चुरतो, कोणी मोठे तुकडे ठेवतो. कोणी आधी तूप जिरू देतो, कोणी वरणातच भिजवतो. भाजणाऱ्यानं सगळ्यांना सारखा रोडगा दिला, आणि खाणाऱ्यानं आपल्या पद्धतीनं तो आपलासा केला. आजचा आलू याच चालीचा आहे.

त्याच राखेत आता आलू पुरा. पाऊण तास तरी लागेल. मधूनमधून फिरवा.

हा पाऊण तास मोकळा ठेवा. आराशेजारी बसा. चेहऱ्याला लागणारी धग जाणवू द्या. बसल्या बसल्या हा आलू कुठून आला ते आठवा. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतांत आहे. टिटिकाका सरोवराच्या परिसरात सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसानं तो लावायला सुरुवात केली. तिथले शेतकरी काढणीच्या वेळी शेतातच कोरड्या ढेकळांचा लहानसा घुमट रचतात. आत जाळ करून ढेकळं चांगली तापवतात, आलू आत टाकतात आणि तो घुमट त्यांच्यावर पाडून टाकतात. त्या मातीच्या उबेत आलू भाजून निघतात. या भाजण्याला ते वातिया म्हणतात. पोर्तुगीज हे पीक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घेऊन आले. ज्या हातांनी ते पहिल्यांदा लावलं, त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार करा. तुमच्या अंगणातल्या राखेत त्यांचीही मेहनत आहे.

आता वाट्या मांडू. एकेक वाटी ठेवताना ती कोणासाठी आहे ते आठवा.

ही लोण्याची, आजींसाठी. मऊ गरात लोणी मिसळलं की चावावं लागत नाही. हे घट्ट दही आणि मोड आलेल्या मटकीची उसळ काकाजींसाठी. ते अर्धाच आलू घेतील आणि उसळ जास्त घेतील. हिरव्या मिरचीचा ठेचा भाच्याचा. किसलेलं चीज आणि उकडलेले मक्याचे दाणे त्याच्या बहिणीचे. बारीक चिरलेला कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. जवसाची चटणी. हिवाळा असेल तर तुरीचे सोले लसणाच्या फोडणीत परतून. एक वाडगं पातळसर पिठल्याचं, कारण गरम आलूच्या भेगांत पिठलं उतरलं की वऱ्हाडी माणसाला दुसरं काही लागत नाही.

थोड्या अंतरावर उपासाचं मांडा. तूप, भाजलेलं जिरं, फल्लीचा कूट, सैंधव, मीठ-जिऱ्याची हिरवी मिरची. चमचे वेगळे ठेवा. आणि शेजाऱ्यांसाठी, त्यांना काय चालतं ते आधी विचारून, कच्ची केळी किंवा मक्याची कणसं वेगळ्या जागी भाजा. त्यांच्यासाठी कांदा-लसूण नसलेल्या वाट्या वेगळ्या काढा.

सगळं मांडून झालं की दोन पावलं मागं सरका आणि त्या ओळीकडे बघा. आपल्या जुन्या ताटाची डावी बाजू आठवा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. स्वयंपाक कितीही सुगरणीचा असला, तरी शेवटचं मीठ आणि लिंबू जेवणाऱ्याच्या हाताशी ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. उजव्या बाजूला रांधणाऱ्याची कला, डाव्या बाजूला जेवणाऱ्याची मर्जी. ती डावी बाजूच आज आपण जरा मोठी केली आहे.

अशी ओळ दूरदेशीही मांडतात. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या काठी ऑर्ताक्यॉय नावाची वस्ती आहे. तिथं भाजलेल्या आलूच्या दुकानांची रांगच आहे. त्या पदार्थाला कुंपीर म्हणतात. दुकानदार मोठा आलू फोडून सालीतच गर लोणी आणि चीज घालून घोटतो, आणि मग समोरच्या भांड्यांवरून नजर फिरवत गिऱ्हाईक बोट दाखवतं: मका, ऑलिव्ह, लोणचं. तो विकण्याचा धंदा आहे आणि आपलं घर आहे. पण माणसाला निवड करू दिली की त्याचा चेहरा जसा खुलतो, तो तिथं आणि इथं सारखाच खुलतो.

दाराची कडी वाजली. पाहुणे आले. पाणी द्या, ख्यालीखुशाली होऊ द्या. मग आलू वाढा.

पहिला आलू सगळ्यांसमोर तुम्हीच फोडा, म्हणजे नवख्याला कळेल. सुरीनं वरून फुलीसारखे दोन छेद द्या, खालपर्यंत जाऊ देऊ नका. मग दोन्ही हातांच्या बोटांनी चारी बाजूंनी हलकेच आत दाबा. साल फाकते, पांढरा गर वर उसळतो आणि वाफेचा लोट येतो. त्याला माती, धूर आणि भाजल्या पिठाचा वास असतो. लोणी आत्ताच घालायचं, वाफ आहे तोवर. बाकीचं नंतर सावकाश.

इथून पुढचं मनन अवघड आहे, कारण ते हात मागं ठेवण्याचं आहे.

आत्याबाई तूप-जिरं घेऊन थांबतील. तुमच्या ओठांवर येईल, "अजून घ्या न जी, एवढ्यानं काय होते!" ते शब्द येताना बघा. त्यांच्यामागची माया खरी आहे. आपल्या आजीनं, आईनं पंगतीत पदर खोचून असंच वाढलं, आणि त्या वाढण्यात आपण वाढलो. पाहुणा लाजून उपाशी उठू नये, ही त्या आग्रहामागची काळजी होती. टंचाईच्या दिवसांत पाहुण्याला पोटभर मागायचा संकोच वाटे, आणि तो संकोच घालवायचं काम आग्रह करत असे. त्या मायेला मनातून मान द्या.

मग आग्रहाची दुसरी बाजूही बघा. साखर वाढलेल्या माणसाला चार लोकांत आपला आजार सांगावा लागतो. उपास असलेल्या बाईला तीन वेळा "नको" म्हणावं लागतं. कमी खाणाऱ्याला पान टाकल्याचं ओझं घेऊन उठावं लागतं. नको म्हणणाऱ्यालाच अपराधी वाटतं. आजच्या मांडणीत कोणालाच नको म्हणावं लागत नाही. काकाजींनी दह्याची वाटी ओढली, कोणी कारण विचारलं नाही. एकादशी असलेली आणि नसलेली, दोन्ही माणसं एकच आलू घेऊन शेजारी बसली. आजार, व्रत, आवड हे सगळं ज्याचं त्याच्यापाशी झाकलेलं राहिलं, आणि तरी सगळे एका पंगतीत जेवले. यजमान पाहुण्याला पोट भरण्याइतकंच हेही देऊ शकतो.

हे आपल्या गावाला नवीन नाही. पंढरपूरहून परतताना गजानन महाराजांची पालखी खामगावला मुक्काम करून शेगावला निघते, तेव्हा हजारो माणसं तिच्यासोबत पायी चालतात. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, चहा, केळी, फराळाचं घेऊन उभे असतात. चालणारा हात पुढं करतो, हवं तेवढं घेतो आणि पुढं जातो. देणारा त्याचं नाव विचारत नाही, पोट भरलं का म्हणून अडवत नाही. घेणाऱ्याची वाट मोडायची नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. या गावाला पाहुण्यांची सवयही जुनी आहे. 1870 मध्ये कापसासाठी जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला, आणि त्या बाजारपेठेनं दूरदूरची माणसं इथं आणली. निरनिराळ्या चुलींवर रांधणारी माणसं शेजारी राहिली. अशा गावात सगळ्यांना एकत्र बसवणारं जेवण फार कामाचं आहे.

तेव्हा हात मागं ठेवा, पण नजर मागं घेऊ नका. हात आवरला म्हणजे लक्ष काढून घेतलं असं होत नाही. कोणती वाटी संपत आली ते बघा आणि न बोलता भरा. आजींचा हात आलू फोडायला थरथरतो आहे, तर जवळ बसा, "फोडून देऊ का?" एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. त्या हो म्हणाल्या तर फोडा. नाही म्हणाल्या तर बसून राहा आणि त्यांना वेळ घेऊ द्या. बघा, त्या अंगठ्यानं साल कशी उचलतात, लोणी कसं कडेकडेनं फिरवतात, वर चिमूटभर मीठ कसं उंचावरून सोडतात. किती तरी वर्षांचा स्वयंपाक त्या बोटांत आहे. तुम्ही वाढलं असतं तर तो तुम्हाला दिसला नसता.

धाकटी पोर आलूवर चीज, त्यावर पिठलं, त्यावर लिंबू असं काहीतरी रचेल. रचू द्या. तिचं ताट तिनं केलं आहे, ती ते चाटूनपुसून खाईल.

आणि स्वतःचं ताटही याच पंगतीत घ्या. वाढणारं माणूस सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं जेवतं, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. बहुतेक ठिकाणी ते माणूस बाईच होतं. आज वाट्या मांडून झाल्या आहेत, पोळ्या लाटायच्या उरलेल्या नाहीत. तेव्हा ज्यानं रांधलं त्यानंही गरम आलू घ्यावा, पाहुण्यांच्या शेजारी बसावं, आणि त्यांच्या गोष्टी पहिल्यापासून ऐकाव्यात.

शेवटी एक श्वास सावकाश घ्या आणि तुमच्या पंगतीत आजवर सर्वांत जास्त वेळा "नको" म्हणावं लागलेल्या माणसाचा चेहरा आठवा. कदाचित त्यांनी तुमच्याकडे जेवायला येणं हळूहळू कमीही केलं असेल. त्यांना फोन करा, वार ठरवा, आणि त्यांना काय चालतं ते विचारून त्याची एक वाटी ओळीत वाढवा. ती त्यांच्यापुढं सरकवू नका. ओळीत ठेवा. त्यांना हवी असेल तेव्हा ते घेतील.