दुसऱ्याच्या पडण्यावर लावलेली पैज



घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावू नयेत, हे आपल्या मंडळ्यांना नव्याने सांगायला नको. पण जुना मोह नवे वस्त्र घालून येतो, तेव्हा त्याची ओळख करून घ्यावी लागते.

जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावणे ही जुनी रीत. २००० साली इंग्लंडात ‘बेटफेअर’ नावाचे एक्सचेंज सुरू झाले. तेथे कोणीही सामान्य माणूस दुसऱ्या माणसाशी अशी पैज लावू शकतो की, अमुक घोडा जिंकणार नाही. ह्याला ‘ले’ करणे म्हणतात. आपल्याकडील सट्टेवाले ह्यालाच ‘खाई’ म्हणतात.

ह्या मार्गाची भलावण करणारे म्हणतात, “हा जुगार नव्हे, हिशेब आहे. सर्वांची पसंती असलेला फेव्हरिट घोडा साधारण तीन शर्यतींत एकदाच जिंकतो. तो हरेल असे धरा. तीनपैकी दोन वेळा पैसा तुमचाच!”

अर्धे सत्य किती गोड असते! आपण हिशेब पुरा करू. समजा, भाव एकास दोन आहे आणि दर शर्यतीला १०० पौंडांची पैज आहे. ३० शर्यतींत फेव्हरिट २० वेळा हरला. २,००० पौंड मिळाले. १० वेळा जिंकला. दर वेळी २०० प्रमाणे २,००० गेले. हाती शून्य! त्यातच एक्सचेंज जिंकलेल्या रकमेवर कमिशन घेते. ते शेकडा ५ धरले, तर खिशातले १०० पौंड गेले. घोडा किती वेळा जिंकतो हे भावात आधीच धरलेले असते. पुढे लागोपाठ चार फेव्हरिट जिंकले की, गेलेले भरून काढण्यासाठी माणूस रक्कम वाढवतो, आणि घर बुडते.

पण हा हिशेब जमला असता तर? तर ते योग्य ठरले असते काय? खरा प्रश्न हाच आहे.

घोड्याच्या मालकाने किंवा ट्रेनरने आपलाच घोडा हरेल अशी पैज लावण्यास ब्रिटनमधील शर्यतींच्या नियमांनी मनाई आहे. का बरे? ज्याचा लाभ दुसऱ्याच्या पडण्यात आहे, त्याला तो पडावा असे वाटू लागते. आणि वाटू लागले की हातही तिकडे वळतो. जगाच्या नियमांना जे कळले, ते ख्रिस्ताच्या लोकांना कळू नये काय? एक्सचेंजवर समोर कोणी माणूसच असतो. त्याचे तोंड आपल्याला दिसत नाही, एवढेच. त्याच्या घरातील दूध, मुलांची फी, आजाऱ्याचे औषध ह्यांतूनच आपला ‘नफा’ येतो. नीतिसूत्रांच्या २४व्या अध्यायात तर शत्रू पडला तरी आनंद करू नये, अशी शिकवण आहे. मग ज्याने आपले काही वाईट केले नाही, त्याच्या हानीची वाट पाहत आपण कसे बसावे? पौलाने फिलिप्पैकरांना दुसऱ्याचे हित पाहण्यास शिकवले. येथे तर दुसऱ्याचे अहित झाल्यावाचून आपले हितच नाही!

पुणे, मुंबई, हैदराबाद येथील शर्यतींची मैदाने आपल्या वस्त्यांपासून दूर नाहीत, आणि मोबाईल तर प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. संसदेने २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा हाताला आवरतो. अंतःकरण प्रभूलाच द्यावे लागते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मोठ्या मुलांच्या वर्गात वरील हिशेब फळ्यावर मांडा. मग विचारा, “ते २,००० कोणाचे होते?” मुले उत्तर देतील. आणि मंडळीत कोणी ह्यात अडकून कर्जबाजारी झाला असेल, तर त्याच्याविषयी कुजबुज करू नका. त्याच्या घरी जा, त्याच्याबरोबर बसून कर्जाचा हिशेब मांडा, प्रार्थना करा. जग पडणाऱ्यावर पैज लावते; आपला प्रभू पडलेल्याला हात देऊन उठवतो. आपण कोणाच्या बाजूला आहो, हे आपल्या कृतीवरून दिसो.

आमेन.